रविवारचा पाऊण तास आणि उरलेले सहा दिवस

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या समुदायांच्या, वार्षिक सभांत आणि तरुण संघांच्या बैठकांत हल्ली एक वाद हमखास निघतो: आपली मुले उपासनेला का येत नाहीत? एका बाजूचे म्हणणे, इंग्रजी उपासना सुरू करा, ड्रम आणि गिटार आणा, गीते पडद्यावर दाखवा. दुसरी बाजू म्हणते, हेच केल्यामुळे सगळे बिघडले. हार्मोनियम-तबला, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे आणि मराठी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचे वाचन, सोडलात म्हणून मुले तुटली. दोन्हीकडची माणसे कळकळीची आहेत. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे, ती म्हणजे विश्वास रविवारी सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान घडतो किंवा मोडतो. माझे मत याच्या उलट आहे. मुलाचा विश्वास घडतो घरात, जेवणाच्या आधी-नंतर, आजारपणात, भांडण मिटवताना, रोजच्या प्रार्थनेच्या दहा-बारा मिनिटांत. मंडळीचे काम आहे आईवडिलांना त्यासाठी तयार करणे. ते काम आपल्या बहुतेक मंडळ्यांनी कधी हाती घेतलेच नाही, आणि ते का घेतले नाही याला इतिहास आहे.

आधी हिशेब करू, कारण या वादात हिशेब कोणी मांडत नाही. मुलांना रविवारी धर्मशिक्षण देणारी शब्बाथ शाळा भरते पाऊण तास. वर्षाचे 52 रविवार; त्यांतून मे महिन्याची सुट्टी, परीक्षांचे आठवडे, गावच्या लग्नांचे रविवार वजा केले की चाळीस उरले तर पुष्कळ. म्हणजे वर्षाला 30 तास. त्या पाऊण तासातली पंधरा मिनिटे हजेरी, गीत आणि दानाच्या पेटीत जातात, तेव्हा प्रत्यक्ष शिकवणे वर्षाला 20 तासांवर येते. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या नाटकाची तालीम सुरू झाली की त्यालाही कात्री. याउलट एखाद्या घराने आठवड्यातले पाच दिवस रोज बारा मिनिटे प्रार्थनेला दिली आणि वर्षातले 48 आठवडे ती टिकवली, तर 48 तास होतात. कुठलाही खर्च नाही, वर्ग नाही, वाहन नाही. आणि हे तास त्या माणसांबरोबरचे, ज्यांचे वागणे मुलगा अष्टौप्रहर पाहत असतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेने क्षमेवर कितीही चांगला धडा घेतला, तरी बाबा शेजाऱ्याशी दोन वर्षे बोलत नाहीत हे तिला माहीत नसते. मुलाला माहीत असते.

मग हे काम शब्बाथ शाळेकडे गेले कसे? 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी चालवलेल्या ज्या शाळेमुळे ही चळवळ फोफावली, ती चर्चमध्ये नियमित येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी नव्हती. आठवडाभर कामावर राबणाऱ्या, रविवारी रस्त्यावर उनाडणाऱ्या गरीब मुलांना अक्षरओळख व्हावी आणि शास्त्र वाचता यावे, म्हणून ती होती. ज्यांच्या घरी शिकवणारे कोणी नव्हते त्यांच्यासाठी काढलेली ही सोय पुढे सगळ्यांचीच झाली, आणि ज्यांच्या घरी शिकवणारे होते त्यांनीही हात काढून घेतला.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले; अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू झाले 1831 मध्ये. पुढच्या शंभर वर्षांत खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांतली मुले शिकली ती मोठ्या प्रमाणावर मिशनच्या बोर्डिंगमध्ये. तिथे सकाळी घंटा झाली की प्रार्थना, संध्याकाळी घंटा झाली की प्रार्थना. पाठांतर, गीत, शास्त्रपाठ, सगळे वसतिगृहाच्या वेळापत्रकात बसवलेले. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला स्तोत्रे तोंडपाठ असत, त्याचे श्रेय आपण त्यांच्या भक्तीला देतो. ते खरेच आहे, पण अर्धे श्रेय त्या घंटेचे आहे. बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या माणसाला प्रार्थना करता येत होती. घरात प्रार्थना घडवून कशी आणायची, हे त्याला कोणी शिकवले नव्हते, कारण तो स्वतः घरात शिकलाच नव्हता. परदेशी पैसा आटला, बोर्डिंग बंद पडली किंवा नुसती वसतिगृहे उरली, मुले आईवडिलांजवळ राहून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. हा बदल सर्व बाजूंनी चांगला होता. फक्त बोर्डिंग जे काम करत होते ते आता घराला करावे लागेल, असे घराला कोणी सांगितले नाही. ही पोकळी साठ-सत्तर वर्षांची आहे. ती ड्रमने भरणार नाही आणि तबल्यानेही भरणार नाही.

गोव्यात राहिलेले इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणाचे नाव या वादात दोन्ही बाजू घेतात. मराठीचे अभिमानी त्यातली ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही ओवी म्हणून दाखवतात आणि थांबतात. हा ग्रंथ लिहिला का गेला, ते त्याच्या आरंभीच आले आहे. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिकवण चाललेली असते आणि ऐकणाऱ्यांपैकी एक जण पाद्रीगुरूंना विचारतो: ही शिकवण चांगली आहे, पण तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. प्रश्नोत्तरांची शिकवण मिळत असूनही दिवसाकाठी वाचायला, ऐकायला, गुणगुणायला आपल्याजवळ काही नाही, हे त्या माणसाने ओळखले होते. स्टीफन्सने उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या आणि 1616 मध्ये त्या छापल्या. पुढे 1684 मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. राज्याचा आणि छापखान्याचा आधार सुटला, तरी पुराण टिकले. ते माणसांनी हातांनी उतरवून घेतले म्हणून. किनाऱ्याने दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले, गायले, आणि 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले ते अशा हस्तलिखितांच्या आधारे. सव्वादोनशे वर्षे जे घरांनी सांभाळले, ते कुठल्या समितीच्या ठरावाने सांभाळले गेले असते का?

आता विरोधी बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, त्यांच्याकडे येतो.

पहिला मुद्दा: घर बिघडवतेही. घरावर सगळे सोपवले तर घरातले दोष विश्वासाच्या नावाने पुढे जातात. याचा सर्वांत मोठा दाखला जपानचा. 1614 मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून देशात एकही धर्मगुरू उरला नाही. तरी 17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये जवळच्या उराकामीचे काही गावकरी आले आणि त्यांनी फ्रेंच मिशनरी फादर पेटिजाँ यांना हळूच सांगितले की, आमचे आणि तुमचे मन एकच आहे. दोनशेहून अधिक वर्षे त्यांनी बाप्तिस्मा, प्रार्थना, सणांची दिनदर्शिका घरात आणि वस्तीत जपली होती. घराचे सामर्थ्य सांगताना ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिचा उरलेला भाग सांगितला जात नाही. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांच्या त्या प्रार्थनांचा अर्थ अनेक ठिकाणी विसरला गेला होता. नुसते उच्चार उरले होते. काही गट तर पुढे चर्चमध्ये परतलेच नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने पूर्वजांची रीत हाच धर्म झाला होता. आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आणि याहून लाजिरवाणे आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी एका पंक्तीत गुडघे टेकणारी माणसे घरी स्थळ पाहताना ‘ते मूळचे कोण?’ असे विचारतात. जात मुलाला चर्चमध्ये शिकवली जात नाही. ती जेवणाच्या टेबलावरच शिकवली जाते.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच घराला मंडळी लागते. पण बारकाईने पाहा, हा आक्षेप सिद्ध काय करतो? घर शिकवतेच, हेच तो सिद्ध करतो. आपण प्रार्थना घेतली नाही म्हणून घर गप्प बसत नाही. ते जात शिकवते, पैशाची भीती शिकवते, शेजाऱ्याची तुलना शिकवते. प्रश्न घराने शिकवावे की नाही असा उरतच नाही. ते काय शिकवते याकडे मंडळीने लक्ष द्यायचे की रविवारी दिव्यांच्या आणि ध्वनिक्षेपकांच्या चर्चेत रमायचे, एवढाच उरतो.

दुसरा मुद्दा आईवडिलांच्या थकव्याचा आणि अज्ञानाचा. विरारहून चर्चगेटला जाऊन येणारी आई रात्री आठला घरात शिरते, बाबा नऊला. शास्त्र त्यांनाही फारसे ठाऊक नाही. त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची? यातला थकवा खरा आहे. अज्ञानाची सबब मात्र नवी नाही. 1528 च्या सुमारास जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी केली, तेव्हा साध्या माणसांना प्रभूची प्रार्थनाही येत नव्हती, आणि काही पाळकांनाही शिकवता येत नव्हते. यावर ल्यूथरने 1529 मध्ये छोटी प्रश्नोत्तरावली काढली, आणि तिच्या भागांवर मथळाच असा घातला की हे कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना साध्या रीतीने कसे शिकवावे. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना. प्रत्येक वाक्यामागे ‘याचा अर्थ काय?’ हा एकच प्रश्न आणि छोटे उत्तर. अडाणी बापालाही धरता येईल असे हत्यार त्याच्या हातात दिले. कॅथलिक परंपराही वेगळ्या वाटेने इथेच आली: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरातली चर्च म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक. आपण आईवडिलांना काय दिले? ‘घरी प्रार्थना करत जा’ हा उपदेश. कशी, किती वेळ, कुठून वाचायचे, मुलाने उलट प्रश्न विचारला तर काय, यातले काहीही नाही.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि इंग्रजी उपासना मागणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला देवनागरी सलग वाचता येत नाही. वाचले तरी ‘नीतिमत्त्व’ आणि ‘प्रायश्चित्त’ त्याच्या कानावरून जातात. ‘तारण’ हा शब्द त्याने ऐकलेला असतो तो बँकेच्या जाहिरातीत, सोने तारण कर्ज म्हणून; ‘करार’ म्हटले की त्याला भाड्याच्या घराचा करार आठवतो. अशा मुलाला तासभर मराठी प्रवचनात बसवून आपण भाषेचे प्रेम वाढवत नाही. त्याला इंग्रजी शास्त्र वाचू द्यावे, इंग्रजी उपासनाही असू द्यावी. त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण या तोडग्याची एक मर्यादा आहे. इंग्रजी ही त्या मुलाची शाळेची भाषा आहे: गुणांची, मुलाखतीची, यशाची. विश्वासही फक्त तिथेच राहिला तर तो अभ्यासाच्या विषयांतला आणखी एक विषय होतो. ज्या भाषेत आई रागावते आणि ताप आल्यावर कपाळावर हात ठेवून बोलते, त्या भाषेत प्रार्थना झाली की ती वेगळ्या ठिकाणी जाऊन बसते. मग ती प्रमाण मराठी असो, वसईची सामवेदी असो की घाटावरची बोली. म्हणून शास्त्रपाठ हव्या त्या भाषेत, प्रार्थना घरच्या भाषेत, हा नियम मला व्यवहार्य वाटतो. अवघड शब्द टाळू नयेत, रोज एक उलगडावा. ‘तारण’चे तर बँकेपासूनच सुरू करता येते: कोणाचे तरी मोलाचे अडकले आहे आणि कोणीतरी किंमत भरून ते सोडवतो, हे दहा वर्षांच्या मुलाला लगेच कळते.

चौथा मुद्दा जबरदस्तीचा. मोठे झाल्यावर मूल ठरवील, आता कशाला लादायचे, असे सुशिक्षित ख्रिस्ती पालक म्हणू लागले आहेत, आणि त्यामागे अनेकदा त्यांच्याच बालपणीची जखम असते: गुडघ्यांवर तासभर, डुलकी लागली की चापट. या जखमेची टर उडवणे चूक आहे. पण घरात मिळालेले शिक्षण आणि माणसाचे स्वातंत्र्य एकमेकांच्या आड येतातच का? पंडिता रमाबाईंना आईने संस्कृत शिकवले ते तोंडी, पाठांतराने. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते. पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताचा मार्ग धरला. घरच्या शिक्षणाने त्यांना बांधून ठेवले नाही. त्या शिक्षणाने त्यांना शब्दांवर जीव लावायला शिकवले, आणि मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी 1922 मध्ये मृत्यूपूर्वी संपवले. दुसरे उदाहरण टिळकांच्या घरातले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षे विरहाची आणि ओढाताणीची होती. पण पुन्हा एकत्र आल्यावरही त्या काही काळ आपल्या रीतीने, सोवळ्याने राहिल्या, आणि निर्णय त्यांचा त्यांनी केला. ज्या घरात ‘नाही’ म्हणायला जागा असते, तिथल्या ‘हो’ला वजन येते. मुलाला काहीच न देणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे. ज्याने एकही स्तोत्र पाठ केलेले नाही तो स्तोत्रे नाकारूही शकत नाही.

आता प्रत्यक्ष घरातल्या प्रार्थनेकडे येऊ, कारण गाडी अडते ती इथेच, आणि अडण्याची कारणे ठरावीक आहेत. पहिले कारण लांबी. बारा मिनिटे ही वरची मर्यादा धरावी. गीताचे एक किंवा दोन कडवे, दोन मिनिटे. शास्त्रपाठ आठ ते दहा वचने, तीन मिनिटे. एक प्रश्न आणि त्यावरचे बोलणे, चार मिनिटे. प्रत्येकाचे एकेक वाक्य आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, तीन मिनिटे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर हेच सहा मिनिटांत आटोपावे. वचने तीन पुरतात. वेळ झोपण्याच्या आधीची नको, कारण तेव्हा धाकटे पेंगते आणि थोरले मोबाइलकडे ओढले जाते. रात्रीच्या जेवणानंतर ताटे उचलण्यापूर्वी, सगळे बसलेलेच असतात तेव्हा, ही वेळ सर्वांत टिकाऊ. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या कॅथलिक घरांना वेळेची अडचण कमी असते, कारण सवय पिढ्यांची आहे. तिथे बिघडते ते वेगामुळे. पाच रहस्ये, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, दहा मिनिटांत उरकण्यापेक्षा एकच रहस्य घ्यावे, आणि त्यातला प्रसंग आधी मुलाला सांगायला लावावा.

दुसरे कारण वाचनाची निवड. हौसेने 1 जानेवारीला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज एक अध्याय सुरू करतात. उत्पत्तीचे 50 अध्याय गोष्टींचे आहेत, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बरे चालते. पुढच्या पुस्तकाच्या, निर्गमच्या, पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची मापे, पडदे, आकड्या आणि फळ्या येतात; तो पंचाहत्तरावा दिवस, म्हणजे मार्चचा मध्य, नेमकी परीक्षांची वेळ. तिसऱ्या, लेवीयपर्यंत बहुतेक घरे पोचतच नाहीत. सुरुवात मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, मार्कच्या शुभवर्तमानापासून, करावी. 16 अध्याय, पावणेसातशेच्या आसपास वचने. रोज दहा वचने आणि आठवड्याला पाच दिवस धरले तर चौदा आठवड्यांत ग्रंथ पुरा होतो. नवीन वर्षाला सुरू केले तर पुनरुत्थानाचा अध्याय ईस्टरच्या आगेमागे येतो, आणि मुलांना आठवडाभर आधीच कळलेले असते की आता काय होणार आहे.

तिसरे कारण आपल्याला बोलायला सर्वांत अवघड जाते. घरातली प्रार्थना बिघडते ती मोठ्या माणसांमुळे. वडील प्रवचन सुरू करतात. आई प्रार्थनेतून मुलाला रागावते: ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचे खोटे बोलणे बंद कर.’ मुलाला तेव्हाच समजते की बोलणे देवाशी चाललेले नाही. एकदा हे कळले की पुढे कितीही मधुर गीत म्हणा, ते मूल आतून उठून गेलेले असते. याच्या जागी उलटे करून पाहावे: प्रार्थनेत आधी मोठ्यांनी आपली चूक सांगावी. ‘आज मी तुझ्यावर विनाकारण ओरडलो’ हे वाक्य बापाच्या तोंडून देवासमोर ऐकलेल्या मुलाला पश्चात्तापावर वेगळा धडा लागत नाही.

प्रश्नही मुलाने विचारावा. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएल लोकांच्या सुटकेची रात्र नेमून देताना मोशे सांगतो की उद्या तुमची मुले विचारतील, या विधीचा अर्थ काय. आणि आजही यहुदी घरांत वल्हांडणाच्या जेवणात घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते. यार्देन नदीतून उचललेले बारा धोंडेही त्यासाठीच रचलेले: मुले विचारतील, तेव्हा सांगा. शास्त्रात शिकवण्याची रीतच अशी आहे की काहीतरी दिसेल असे करावे आणि प्रश्नाची वाट पाहावी. आपल्या घरांत दिसेल असे काय आहे? भिंतीवर वचनाचे कॅलेंडर. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत जाणे, बाप्तिस्म्याच्या वाढदिवशी त्या दिवसाचे फोटो काढून बसणे, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आठवड्यातून एका जेवणाचे पैसे डब्यात टाकून ते कोणाला द्यायचे हे मुलांना ठरवू देणे: हे सगळे प्रश्न ओढून आणते. आणि बारा-तेराव्या वर्षी प्रश्न अवघड होतात. वर्गातली जिवलग मैत्रीण ख्रिस्ती नाही, तिचे काय? आजीसाठी इतकी प्रार्थना केली, मग ती का गेली? इथे ‘असे विचारू नये’ हे वाक्य घात करते. ‘मला माहीत नाही, आपण पाळकांना विचारू’ हे उत्तर सरळ आहे, अट एवढीच की त्या रविवारी खरोखर विचारावे.

मंडळीने करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांसाठी सवयी मोडाव्या लागतील. उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची मिळून झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 मध्ये नागपुरात एकत्र आली तेव्हा तिने बालकांचा बाप्तिस्मा आणि सज्ञानांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले. बालकाच्या बाप्तिस्म्यात आईवडील वचन देतात आणि मंडळीही देते. हे वचन निभवायचे कसे, हे सांगणाऱ्या तीन तरी बैठका बाप्तिस्म्यापूर्वी आईवडिलांबरोबर व्हायला हव्यात. आज अनेक ठिकाणी होतो तो एक फोन, आणि पुढची चर्चा हॉल आणि केकची. कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या कॉटेज प्रार्थनेत मुलांना आतल्या खोलीत मोबाइल देऊन बसवतात, म्हणजे मोठ्यांना शांतपणे देवाचे वचन ऐकता येते! त्यांना पुढे बसवावे, शास्त्रपाठ त्यांच्याकडून वाचून घ्यावा, आणि प्रवचन दहा मिनिटांचे करावे. शब्बाथ शाळेचा धडा आणि प्रवचनाचा शास्त्रपाठ एकच ठेवला, आणि त्याचा एक कागद घरी गेला, तर दुपारच्या जेवणाला सगळ्या घराकडे बोलायला एक विषय असतो. दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा, वर्ग आठ रविवारांत उरकून एका वयाची सगळी मुले एकदम पुढे उभी करणे बंद व्हावे. वर्षभराचा वर्ग असावा, प्रत्येक मुलामागे मंडळीतला एक मोठा माणूस असावा, आणि ‘मी अजून तयार नाही’ म्हणणाऱ्या मुलाकडे नापास झाल्यासारखे कोणी पाहू नये.

एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मांडणीतली सर्वांत दुखरी जागा तीच आहे. ज्या मुलाच्या घरी हे होणारच नाही त्याचे काय? आईवडिलांपैकी एकच विश्वासी, किंवा दोघांनाही रस नाही, किंवा घरात दारू आणि मारहाण. घरावर भर दिला की ही मुले मागे पडतात, आणि रेक्सची शाळा अशाच मुलांसाठी होती हे विसरून चालणार नाही. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात त्याच्या विश्वासाची आठवण देतो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो; बाप ग्रीक होता, त्याचा उल्लेखही नाही. अर्ध्या घरातही पुरेसे होऊ शकते. जिथे अर्धे घरही नाही, तिथे मंडळीतल्या दुसऱ्या घराने दार उघडावे: आठवड्यातून एक संध्याकाळ, त्यांच्या मुलांसोबत जेवण आणि नंतरची ती बारा मिनिटे. त्या मुलाला वर्गापेक्षा याची गरज जास्त आहे, कारण घरातल्या माणसांनी एकमेकांशी आणि देवाशी बोलताना त्याने कधी पाहिलेलेच नसते. मुलाच्या आईवडिलांना विचारून, त्यांच्या संमतीने हे करावे. दहा घरांच्या मंडळीतही अशी दोन घरे निघतात.

आणि खंड पडणारच. पाहुणे येतात, ताप येतो, दहावीचे वर्ष असते, आठ दिवस कोणी बायबल उघडत नाही. मग अपराधी वाटून एका बैठकीत चार अध्याय वाचून मागचे भरून काढतात, सगळे कंटाळतात, आणि त्यानंतर जे बंद होते ते कायमचे. मागचे भरून काढू नये. मार्कमध्ये खूण जिथे असेल तिथून पुढची दहा वचने त्या रात्री वाचावीत, आणि खूण कुठे आहे हे शोधायला धाकट्याला सांगावे.